बिननावाची भांडी

लग्नात भावाने सगळ्या भांड्यांवर नाव घालून दिलं,
भुसावळच्या बाजारात, ते किर्रकिर्र मशीन लावून :
द्वारका मुरलीधर नेहेते.
पळीवर मावेना म्हणून नुसतं द्वा. मु.
भरिताच्या पंगतीला गल्लीभर फिरून
माझी परात रात्री आपली आपण घरी यायची.

कारखान्यातही तसंच.
पट्ट्यावरून पितळ यायचं भादव्याच्या उन्हासारखं,
आम्ही बायका दिव्याखाली बघायचो
चीर, पोचा, डाग.
बुडाला तीन अक्षरं आणि साल.
समोर शकीला तडवी,
तिला चीर डोळ्याआधी नखाला कळायची.
पाळीला किती हजार, ते आता आठवत नाही.
मान आठवते.

मग एका वर्षी शेजारच्या देशात क्रांती झाली.
कँटीनच्या रेडिओवर पोरं राजवाड्याच्या गच्चीवर चढली,
युनियनच्या सरोदेने सगळ्यांना चहा पाजला,
म्हणाला, "आता बघा."
आम्ही बघितलं :
पंधरवड्यात तिसरी पाळी सुरू,
ठसा बदलला, बुडं कोरी.
पेट्यांवरची अक्षरं लोटन पेंटरने
एका दुपारी हिरव्या रंगाखाली घातली.
शकीलाने विचारलं, "कोनासाठी चाललं हो साहेब हे?
पोरांसाठी का राजासाठी?"
जावळे फोरमनने कागद वाचला :
"शांततेसाठी."
आणि घडी अशी हळू घातली
जसं आतून काही सांडेल.

त्या ओव्हरटाइमचा मी कूलर घेतला.
खोटं कशाला बोलू,
त्या मे महिन्यात आमच्या घरात
पहिल्यांदा सगळे एकाच वेळी झोपले.

सासऱ्यांनी एकदा फिरक्यांच्या धाकट्याला पहार दिली होती.
भावाभावात बांधाचं होतं की भिंतीचं, विचारलंही नाही.
खड्डा खणायचाय म्हणाला, दिली.
पंचनाम्यात पहारीवरचं आमचं नाव निघालं.
तीन वर्षं म्हातारा कोर्टाच्या तारखा करत राहिला,
धोतर धुवून, डबा बांधून,
आणि मरेपर्यंत म्हणायचा, "बरं झालं, नाव व्हतं."
मला वाटायचं, भ्रमलाय.

यंदा वरच्या खोलीत भाडेकरू आला, तिकडचाच.
केळीची रोपं बाटलीत कशी वाढवतात ते शिकायला.
त्याचं नाव मला नीट म्हणता येत नाही,
तो चालवून घेतो.
कळण्याची भाकरी खातो,
ठेचा झोंबला की त्याच्या भाषेत कुणाला तरी हाक मारतो.
किल्ल्यांना अडकवलेलं पितळ बघून मी विचारलं.
"शाळेच्या टाकीत सापडलं," म्हणाला,
"दोन्हीकडे हेच होतं."
मी चष्मा लावला.
बूड कोरं.
आमचंच, असं म्हणता येणार नाही.
जगात पितळ पुष्कळ.
पण अंगठा बावीस वर्षांचा नोकरीतला,
तो आपसूक काठावरून फिरला.
चीर नाही.
पोचा नाही.
"चांगलंय," तोंडातून निघून गेलं.
तो माझ्याकडे बघत राहिला.
खाली कुणीतरी पाण्याची मोटर बंद केली.

रात्री त्याला भरीत पाठवलं, नावाच्या डब्यात.
सकाळी डबा पायरीवर, धुतलेला.
त्यांच्याकडेही रिकामं भांडं परत करत नाहीत म्हणे.
आत मूठभर तांदूळ, तिकडचे, तांबूस.
ताटात पसरून खिडकीशी बसले आहे.
खडा एकही नाही.
तरी निवडते आहे.